'जरा थांब' आणि बालमन

'जरा थांब' हे दोन शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात! आई चुलीपाशी असते, मूल पदर ओढत असते. ते थांबत नाही, मग हट्टी ठरते. वस्तुतः दोन-तीन वर्षांच्या मुलाला घड्याळाचा काळ कळतच नाही. 'पाच मिनिटांनी' हा शब्द त्याच्या लेखी निरर्थक होय. परंतु 'भात उतरला की' किंवा, आपल्या वरठीत, 'भंडारा रोडवरून गाडी गेली की' असे सांगितले तर त्याला उमगते. कारण ते दिसते, ऐकू येते.

धीर हा उपदेशाने येत नाही, सवयीने येतो. १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया मोंटेसोरी यांनी वर्गात प्रत्येक साधन एकेकच ठेवले. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबणे तेथे ओघानेच आले. हाच विचार गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवला. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी तो खेड्यातील मुलांपर्यंत नेला.

पुढे अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे खाऊ ठेवून पाहिले. थोडे थांबलास तर दुप्पट मिळेल, अशी अट होती. खाऊ झाकलेला असला, किंवा मूल दुसऱ्या विचारात रमले, तर ते अधिक वेळ थांबे. म्हणजे नजरेसमोर लाडू ठेवून 'हात लावू नकोस' म्हणणे ही मुलाची नव्हे, आपलीच चूक!

याहून मोलाचा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड व सहकाऱ्यांचा. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण साडेतीन ते सहा वर्षांच्या २८ मुलांपैकी निम्म्यांना मोठ्यांनी कबूल केलेली चित्रांची साधने आणून दिली; उरलेल्यांच्या बाबतीत शब्द मोडला. नंतर खाऊची परीक्षा झाली. पहिली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, दुसरी अवघी ३.

ज्याला वारंवार फसवले गेले, त्याने हातातला खाऊ लगेच खाणे हा उतावळेपणा नसून शहाणपणच नव्हे काय?

तेव्हा 'थांब' म्हणताना किती, कशासाठी, हे सांगावे. थोडाच वेळ थांबवावे आणि शब्द पाळावा. धानाची रोवणी करून दुसऱ्या दिवशी कोणी लोंब शोधत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपणच अधीर होतो. त्यांना धीर शिकवायचा, तर तो प्रथम आपल्या अंगी हवा.