उजेडानं जागे होणारे कण



परवा गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पूर्वी दोन गोळ्यांत बरं वाटायचं, आता पट्टी संपली तरी जखम सुकत नाही." जखमेतल्या जिवाणूंवर अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक गोळी चालते. पण ती गरज नसताना किंवा अर्धवट घेतली, की कमकुवत जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग तीच गोळी त्यांना लागू पडत नाही. अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 साली जगभरात अंदाजे 12 लाख 70 हजार माणसं दगावली.

म्हणून शास्त्रज्ञ दुसरी वाट शोधताहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात प्रशांत नागपाल आणि अनुश्री चॅटर्जी यांच्या गटानं 2016 साली एक प्रयोग मांडला. त्यांनी केसाच्या जाडीपेक्षा सुमारे 20 हजार पट लहान कण तयार केले. आपल्या सौरदिव्याची पाटी आठवा. तिच्यावर ऊन पडलं की वीज तयार होते. हे कणही तशाच जातीच्या पदार्थाचे. अंधारात ते गप्प असतात. ठरावीक उजेड पडला की त्यांच्यातून विजेचे सूक्ष्म कण सुटतात, आणि प्राणवायूपासून एक दाहक रूप तयार होतं. ते जिवाणूचं आतलं काम बिघडवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंपैकी 92 टक्के असे मेले.

पण हे औषध अजून दुकानात मिळत नाही. उजेड शरीरात खोलवर पोचत नाही, त्यामुळे असा उपाय कातडीवरच्या जखमांना जास्त सोयीचा. शिवाय त्या कणांत कॅडमियम हा विषारी धातू होता, म्हणून सुरक्षितपणाची खात्री आधी हवी. आणि हो, उघडी जखम उन्हात धरून हा गुण येत नाही. काम कण आणि उजेड मिळून करतात.

तोवर हाताशी आहेत ती औषधं टिकवणं आपल्या हाती आहे. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नाही. सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. उरलेली गोळी शेजारी द्यायची नाही. साध्या सर्दीपडशाला तर ती मागायचीच नाही, कारण ते विषाणूंमुळे होतं आणि त्यांच्यावर ही गोळी चालत नाही.

आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. लाल रेघेच्या किती पट्ट्या अर्ध्यावर पडल्यात, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगू.