‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे नेमकं काय?



मागच्या मे महिन्यात खामगावला घरी गेले होते. बाहेर उन्हाचा असा तडाखा की दुपारी रस्त्यावर माणूस नाही, आणि आई मात्र कूलर बंद करून बसलेली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “हवा लागली का आग होते पोरी. दिसत त काईच नाई.”

तीन वर्षं झाली. दोन्ही मांड्या आणि पाठीचा खालचा भाग. पुरळ नाही, लाली नाही, सूज नाही. साडीचा काठ नुसता घासला तरी भाजलेल्या जागी हात लागल्यासारखं होतं. गंमत म्हणजे तळहाताने घट्ट दाबलं तर तितकं दुखत नाही. त्वचारोगतज्ज्ञ झाले, फिजिशियन झाले, नसांची तपासणीसुद्धा झाली. फाईल जाड झाली आणि प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. शेजारच्या काकूंनी सांगितलं, बाहेरचं असेल, बघून घ्या. शेवटी आईने सांगणंच बंद केलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

माझा पीएचडीचा विषय जीवरसायनशास्त्र आहे, वेदना नाही. पण आईमुळे यावर बरंच वाचलं. तुमच्यापैकी अनेक जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी ‘सेन्सिटिव्हिटी’, ‘व्हॅलिडिटी’ पाठ करताय. तेच शब्द एका माणसाच्या अंगावर कसे उतरतात, ते आज बघू.

त्वचेवर काही नाही, मग दुखतं काय?

ज्या स्पर्शाने एरवी दुखायला नको, त्याने दुखणं, याला वैद्यकात ‘ॲलोडिनिया’ म्हणतात. सुई टोचल्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर ते वेगळं, त्याला ‘हायपरअल्जेसिया’ म्हणतात. आईला ओढणीने, वाऱ्याने, चादरीने दुखतं, म्हणजे पहिला प्रकार.

आता वायरिंग समजून घ्या. त्वचेतून निघणारे चेतातंतू एकाच जातीचे नसतात. हलका स्पर्श सांगणारे तंतू जाड असतात. त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं आणि संदेश सेकंदाला तीस मीटरहून जास्त वेगाने धावतो. जळजळ, उष्णता, रेंगाळणारी वेदना सांगणारे ‘सी’ तंतू अगदी बारीक, आवरण नसलेले असतात. त्यांचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे आपण चालतो तेवढाच.

बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. एक म्हणजे बारीक तंतूच इजा होऊन विनाकारण संदेश पाठवायला लागतात. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, काही कर्करोगाची औषधं अशी त्याची बरीच कारणं आहेत. दुसरं म्हणजे मज्जारज्जूतला ‘आवाज’ वाढतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त उत्तेजित होतात. मग स्पर्शाच्या तंतूंनी आणलेला साधा संदेशही पुढे वेदना म्हणून पोचतो. त्वचा ठीक, तंतूही कदाचित ठीक, पण ऐकणारा बदललेला.

आणि हे मनाचे खेळ नाहीत, याचा एक सुंदर पुरावा आहे. पिझो-२ हे प्रथिन आपल्याला हलका स्पर्श कळवतं. ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. जन्मतःच ज्यांच्यात हे प्रथिन काम करत नाही अशा मोजक्या लोकांच्या त्वचेवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, वापरून पाहिला. तुमच्या-माझ्या त्वचेवर तो लावला की आजूबाजूला ब्रशचा स्पर्शही दुखायला लागतो. या लोकांना तसं झालं नाही. म्हणजे स्पर्शाने होणाऱ्या या वेदनेला ठराविक रेणू आहे, ठराविक रस्ता आहे.

मग रिपोर्ट नॉर्मल का?

आईची झाली ती ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी. विजेचा बारीक झटका देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. पण ही तपासणी जाड, वेगवान तंतूंची. बारीक तंतूंचा संदेश इतका क्षीण आणि सावकाश असतो की तो त्यात दिसतच नाही. बारीक तंतूंसाठी वेगळी तपासणी लागते: घोट्याच्या वर आणि मांडीवर तीन मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ही सोय मोठ्या शहरातच मिळते. तीही नॉर्मल येऊ शकते, कारण दोष मज्जारज्जूत असेल तर त्वचेत काय सापडणार?

म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा खरा अर्थ एवढाच: या तपासणीला जे दिसतं, त्यात दोष दिसला नाही. ‘काही झालेलं नाही’ हा अर्थ आपण पदरचा घालतो.

शेगावची गोष्ट

हे फक्त एका बाईच्या दुखण्यापुरतं नाही. आमच्या घरापासून शेगाव अर्ध्या तासावर. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. लग्नं अडली, पोरी शाळेत जाईनात.

पहिला संशय बुरशीचा. दुसरा पाण्याचा. आणि तो साहजिक होता, कारण हा खारपाणपट्टा आहे. पाणी तपासलं, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. इथे थांबता आलं असतं. पण पाणी तर वर्षानुवर्षं खारंच आहे, मग केस याच महिन्यात का गळावेत? सापडलेली गोष्ट आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहीत लिहून ठेवा.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे, गावांत आले. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की सेलेनियमचं प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढलेलं आहे, आणि बोट रेशनच्या गव्हाकडे दाखवलं. गहू नेमका कुठला, यावर पुढे वाद झाला. एप्रिलमध्ये काही गावांत नखंही गळायला लागली. केस आणि नखं दोन्ही जाणं ही सेलेनियमची जुनी खूण आहे. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात ती दिसली होती, आणि २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहारात लेबलपेक्षा २०० पट सेलेनियम पडलं तेव्हाही.

आता माझा मुद्दा. बावस्करांनी नोंदवलेल्या लक्षणांत डोकं खाजणं होतं, ताप होता, आणि मुंग्या येणंही होतं. टक्कल कॅमेऱ्यात आलं, म्हणून पथकं आली. मुंग्या कॅमेऱ्यात येत नाहीत. नुसत्या मुंग्याच आल्या असत्या, तर सेलेनियम कुणी मोजलं असतं का?

तुम्ही संशोधक म्हणून काय कराल?

नकारात्मक निष्कर्ष वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय लावा.

१. साधन काय बघू शकतं? आईच्या तपासणीत बारीक तंतू दिसणारच नव्हते.

२. नमुना कशाचा आणि कधीचा? शेगावात नुसतं पाणीच तपासत राहिले असते तर गव्हापर्यंत कुणी पोचलंच नसतं.

३. माणसाचं सांगणं ही माहिती मानली का? वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्या सांगण्याचा मान राखावा.

एक धोकाही सांगते. ‘साधन अपुरं होतं’ हे वाक्य कुठल्याही समजुतीला टेकू म्हणून लावता येतं, ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्या काकूंनाही. फरक असा, की संशोधकाला पुढचं साधन सांगावं लागतं, आणि काय दिसलं तर आपण चूक ठरू तेही आधीच सांगावं लागतं.

आईचं पुढे काय झालं?

कारण अजून सापडलेलं नाही. साखर, बी-१२, थायरॉईड सगळं बघून झालं. विदर्भात कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो, कारण कधी कधी चट्टा न येता नुसत्या नसाच बाधित होतात. डॉक्टरांनी नसा चाचपून आणि संवेदना तपासून तेही पाहिलं. बऱ्याच रुग्णांत कारण शेवटपर्यंत मिळत नाही, तरी उपचार करता येतात. नवीन डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी सुरू केली, नसांच्या दुखण्यासाठी वापरतात ती. आग पूर्ण गेली नाही, पण झोप लागते. (तुमच्या घरी कुणाला असं असेल तर गोळी डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि अशा दुखण्यासोबत पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

बाकी उपाय घरचेच. मऊ जुन्या सुती कापडाचे परकर, शिवण बाहेरच्या बाजूला. कूलरचं तोंड भिंतीकडे, म्हणजे थेट झोत अंगावर येत नाही. आणि एक काम मी तिला दिलंय: रोज रात्री कालनिर्णयच्या चौकटीत शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा. चार महिने झाले. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी आकडा चढतो, हे तिनेच मला दाखवलं. एकाच माणसाची नोंद आहे, त्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. पण पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवायला फाईलमध्ये ‘नॉर्मल’शिवाय काहीतरी आहे.

परवा फोनवर म्हणाली, “आज सात हाय. लिहून ठेवलं.”

पूर्वी म्हणायची, काई नाई.