वेदना, प्रीती, उपेक्षा : बौद्ध ध्यानातील आनंदविचार

बौद्ध विचार म्हणजे दुःखाचा विचार, असा समज मराठी वाचकांत बराच रूढ आहे. चार आर्यसत्यांपैकी पहिले सत्य दुःखाचे असल्याने असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याला आणखी एक कारण आहे आणि भाषेचे अभ्यासक म्हणून ते आपण लक्षात घेतले पाहिजे. ध्यानविषयक पाली ग्रंथांतील कित्येक शब्द आपण मराठीत रोज वापरतो. मात्र त्यांचे अर्थ पालटलेले आहेत. आजचे अर्थ मनात धरून मूळ विचार वाचला, की त्यातील आनंदाची बाजू नजरेतून निसटते.

प्रथम ‘वेदना’ हा शब्द घेऊ. मराठीत वेदना म्हणजे पीडा. पालीत मात्र कोणताही अनुभव सुखद, दुःखद किंवा या दोहोंपैकी काहीच नाही असा जाणवणे, याला वेदना म्हणतात. सकाळच्या चहाच्या पहिल्या घोटाने जे बरे वाटते, तीही वेदनाच. इंद्रियाचा विषयाशी स्पर्श झाला की वेदना आणि वेदनेतून तृष्णा, असा क्रम प्रतीत्यसमुत्पादात सांगितला आहे. घोट सुखद वाटणे आणि ‘आणखी हवा’ असे वाटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सवयीमुळे त्या आपल्याला एकच वाटतात. मोबाइल वाजताच हात आपोआप तिकडे जातो, तेव्हा तर ही सवय उघडीच दिसते. मन पुढच्या सुखाकडे धावले, की तोंडातल्या घोटाची चव लागत नाही. या दोन घटनांमधील अंतर दिसू लागणे, हे ध्यानाचे एक मोठे फळ होय.

मज्झिमनिकायातील छत्तिसाव्या, म्हणजे महासच्चक सुत्तात एक विलक्षण प्रसंग येतो. कठोर तपश्चर्येने सिद्धार्थाचा देह अस्थिपंजर झाला होता, तरी ज्ञान लाभले नव्हते. अशा वेळी त्याला एक जुनी आठवण झाली. वडील आपल्या कामात असताना तो जंबुवृक्षाच्या गार सावलीत बसला होता आणि कोणत्याही खटपटीवाचून त्याचे मन प्रीती व सुख यांनी भरून गेले होते. हाच बोधाचा मार्ग असेल काय, असे त्याच्या मनात आले. विषयोपभोगाशी ज्याचा संबंध नाही, अशा सुखाला आपण का भ्यावे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. मग त्याने अन्न घेतले आणि बरोबरचे पाच भिक्षू, हा चैनीकडे वळला असे समजून त्याला सोडून गेले. प्रस्तुत लेखकाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कारण या कथेला कलाटणी मिळते ती एका निर्मळ सुखाच्या आठवणीने. (पाली वाङ्मय मराठी वाचकांपर्यंत आणणारे धर्मानंद कोसंबी, १८७६–१९४७, यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ विद्यार्थ्यांनी या दृष्टीने अवश्य वाचावा.)

या प्रसंगातील ‘प्रीती’ म्हणजे मराठीतील प्रेम नव्हे. पालीतील ‘पीति’ म्हणजे उल्हास. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. अंगावर क्षणभर रोमांच आणणाऱ्या प्रीतीपासून सर्वांग व्यापणाऱ्या प्रीतीपर्यंत. प्रीती आणि सुख यांतील भेद ते एका दृष्टांताने स्पष्ट करतात. रखरखीत वाटेने थकून आलेल्या प्रवाशाला वनाच्या कडेचे पाणी दिसल्यावर जे होते ती प्रीती. सावलीत जाऊन पाणी प्याल्यावर जे लाभते ते सुख.

आनापानसती सुत्तातील सोळा पायऱ्यांत हे दोन्ही अनुभव पाचव्या व सहाव्या पायरीवर येतात. सुरुवात मात्र अगदी साधी आहे : श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढेच जाणणे. मन वीजबिलाकडे किंवा परीक्षेच्या अर्जाकडे जाईल. ते गेले हे कळताच पुन्हा श्वासाकडे यावे. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्यांना वेळ कोठून मिळणार, ही शंका रास्त आहे. सतिपट्ठान सुत्तात चालणे, खाणे, वस्त्र नेसणे या क्रियाही जाणतेपणाने करावयास सांगितले आहे. म्हणजे भांडी घासताना हाताला लागणारे गार पाणी हाही अभ्यासाचा विषय ठरतो.

तिसरा शब्द सर्वांत फसवा आहे. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे समतोल दृष्टी. मैत्री, करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या उत्कर्षात आनंद मानणे) यांच्यासह चार ब्रह्मविहारांत तिची गणना होते. अज्ञानातून येणारी बेफिकिरी हा उपेक्षेचा जवळचा शत्रू आहे, असे बुद्धघोष म्हणतात. जवळचा अशासाठी, की तो वरवर तिच्यासारखाच दिसतो. म्हणजे आपला आजचा मराठी अर्थ या शत्रूच्याच बाजूला झुकला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून चालत आलेल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत शरीरावरील सुखद-दुःखद संवेदना समतेने पाहण्यावर भर असतो, तो याच अर्थाने. सुखद संवेदना नाकारायची नाही आणि ती सरू लागली म्हणून तिला धरूनही ठेवायचे नाही.

स्वयं-अध्ययनासाठी : रोजचे एखादे काम निवडून ते करताना वेदना कोठे संपते व तृष्णा कोठे सुरू होते, याचे निरीक्षण करा आणि ते दहा ओळींत लिहा. लिहिताना ‘वेदना’ हा शब्द केवळ पाली अर्थाने वापरा.