लिनक्समधील क्लिपबोर्ड इतिहास

क्लिपबोर्ड इतिहास म्हणजे संगणकावर वेळोवेळी कॉपी केलेल्या मजकुराची क्रमवार नोंद होय. साधा क्लिपबोर्ड एका वेळी एकच मजकूर सांभाळतो. नवा मजकूर कॉपी केला की आधीचा नाहीसा होतो. लिनक्स प्रणालीवर हा इतिहास टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन साठवता, शोधता आणि पुसता येतो. या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

== पार्श्वभूमी ==

मजकूर कापणे, त्याची नक्कल करणे आणि तो अन्यत्र डकवणे ही पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेली एक्स ११ ही चित्रप्रणाली १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची जागा घेऊ लागलेल्या वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले.

एक्स ११ मध्ये दोन निवडी प्रामुख्याने वापरल्या जातात. माउसने मजकूर नुसता अधोरेखित केला की तो 'प्रायमरी' निवडीत जातो आणि माउसच्या मधल्या कळीने डकवता येतो. कंट्रोल व सी या कळींनी कॉपी केलेला मजकूर 'क्लिपबोर्ड' निवडीत जातो. टर्मिनलमध्ये मात्र याच कळी चालू आज्ञा थांबवतात. म्हणून तेथे कॉपी करण्यासाठी सहसा कंट्रोल, शिफ्ट व सी या तीन कळी एकत्र दाबतात.

== मजकूर का हरवतो ==

कॉपी केलेला मजकूर एखाद्या सामायिक पेटीत जाऊन पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एक्स ११ व वेलँड या दोन्हींमध्ये तो मूळ आज्ञावलीपाशीच राहतो आणि डकवण्याच्या क्षणी तिच्याकडून मागवला जातो. त्यामुळे मूळ आज्ञावली बंद केली की तो मजकूरही जाऊ शकतो. महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील अतिवृष्टीच्या तालुक्यांत पावसाळ्यात वीज अचानक जाणे नवे नाही. तेथील चवदार तळे, रायगड आणि तानाजी मालुसरे यांचे उमरठ या स्थळांविषयी टिपणे जमवणाऱ्या विद्यार्थ्याचा संगणक मध्येच बंद पडला, तर क्लिपबोर्डमधील उतारा परत मिळत नाही. इतिहास डिस्कवर लिहिला जात असेल, तर तोच उतारा संगणक पुन्हा सुरू केल्यावर सापडतो.

== साधने व कार्यपद्धती ==

एक्स ११ साठी 'एक्सक्लिप' व 'एक्ससेल' ही साधने आहेत. दोन्ही साधने वेगळी सूचना न दिल्यास प्रायमरी निवडीवर काम करतात. कंट्रोल व सी या कळींनी कॉपी केलेला मजकूर हवा असल्यास क्लिपबोर्ड निवडीचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. वेलँडवर 'डब्ल्यूएल-कॉपी' मजकूर क्लिपबोर्डवर ठेवते, तर 'डब्ल्यूएल-पेस्ट' तो बाहेर काढते.

ही साधने फक्त चालू मजकूर हाताळतात. इतिहासासाठी त्यांना साठवणुकीची जोड द्यावी लागते. वेलँडवर 'डब्ल्यूएल-पेस्ट' आज्ञेला 'वॉच' हा पर्याय देऊन प्रत्येक नवा मजकूर 'क्लिपहिस्ट' या आज्ञावलीकडे सोपवता येतो. 'क्लिपहिस्ट'ची 'लिस्ट' ही उपआज्ञा क्रमांकासह नोंदी दाखवते. निवडलेली नोंद 'डीकोड' उपआज्ञेकडे दिली की पूर्ण मजकूर मिळतो आणि तो उभ्या रेघेच्या (|) जोडणीने पुन्हा 'डब्ल्यूएल-कॉपी'कडे पाठवता येतो. यादीत शोध घेण्यासाठी 'एफझेडएफ' हे साधन उपयोगी पडते. मात्र अशी सतत नजर ठेवण्याची मुभा वेलँडवरील प्रत्येक डेस्कटॉप देतोच असे नाही.

'कॉपीक्यू' ही आज्ञावली खिडकीतून तसेच टर्मिनलमधूनही चालवता येते. तिच्या इतिहासातील पहिली नोंद शून्य क्रमांकाची असते. केडीई डेस्कटॉपवर 'क्लिपर' ही सोय मुळातच उपलब्ध असते.

== मराठी मजकूर ==

क्लिपबोर्डवर अक्षरांचे आकार नसून त्यांचे संकेत साठवले जातात. त्यामुळे युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला जुना मराठी मजकूर कॉपी केल्यास अनेकदा रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक ओळ हाती येते. हा क्लिपबोर्डचा दोष नसतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. 'महाड' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. पण काना धरून त्यात ४ संकेत, म्हणजे १२ बाइट असतात. 'पोलादपूर'मध्ये ८ संकेत व २४ बाइट होतात. इतिहासातील लांब नोंदी छाटून दाखवताना बाइट मोजणारी आज्ञा वापरली, तर अक्षर मध्येच तुटते. 'महाड'चे पहिले १० बाइट मागितल्यास 'महा' आणि त्यापुढे एक तुटके चिन्ह दिसते.

== गोपनीयता ==

इतिहास ठेवणारी आज्ञावली उपयुक्त उतारा आणि गुप्त माहिती यांत आपोआप भेद करीलच असे नाही. पासवर्ड, बँक खात्याचा क्रमांक किंवा १२ अंकी आधार क्रमांक कॉपी केल्यास तोही नोंदींत जाऊन बसतो. इतरांचे अर्ज भरून देण्यासाठी किंवा शाळेच्या संगणककक्षात एकच संगणक अनेकजण वापरत असतील, तर पुढच्या व्यक्तीला तो वाचता येऊ शकतो. काही पासवर्ड-व्यवस्थापक आपला मजकूर गुप्त असल्याची खूण सोबत पाठवतात. पण ती खूण पाळणे इतिहास ठेवणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असते.

यावर काही उपाय आहेत. 'क्लिपहिस्ट'मधील एखादी नोंद 'डिलीट' उपआज्ञेने, तर संपूर्ण इतिहास 'वाइप' उपआज्ञेने पुसता येतो. 'डब्ल्यूएल-कॉपी'च्या 'पेस्ट-वन्स' पर्यायाने मजकूर एकदाच डकवता येतो. मात्र इतिहासाची नोंद घेणारी आज्ञावली चालू असल्यास तो तिच्याच हाती आधी पडू शकतो. म्हणून संवेदनशील काम करताना नोंद घेणेच थांबवणे अधिक सुरक्षित ठरते. पासवर्ड आज्ञेतच टंकून क्लिपबोर्डवर पाठवणेही टाळावे लागते, कारण टंकलेल्या आज्ञांची वेगळी नोंद शेल स्वतः ठेवते. क्लिपबोर्ड इतिहास पुसला तरी ती नोंद शिल्लक राहते.