दीडशे किलोंचं पिंप

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातल्या एका गावरस्त्याच्या कामावर डांबराचा ट्रक मागे घेतला जातो, फाळका खाली पडतो. जमिनीवर जुने टायर टाकलेले. वरचे दोघे पिंप आडवं करून लोटतात. ते टायरवर आदळून उसळतं आणि कुठल्या बाजूला वळेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

"दीडशे किलो," मुकादम सांगतो. एवढं नुसतं डांबर. पत्र्याचं वजन वेगळं.

खाली पन्नाशीतला एक मजूर पिंपं अंगावर घेतो. नजर खिळते ती त्याच्या हातांवर. तळवे पिंपाच्या पोटाला सपाट टेकलेले, बोटं कडेपलीकडे कधीच जात नाहीत. दोन पिंपं भिडली, तर मधलं बोट वाचत नाही. नवख्या पोरावर तो ओरडतो, "हात मंधात नोको घालू बे!" त्याच्या स्वतःच्या पायांत मात्र रबरी चपला आहेत.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर जातो. रस्त्याला लागणारं व्हीजी-30 डांबर साधारण 47 अंशांपासून मऊ पडतं, आणि उन्हातला पत्रा तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. सकाळी दगडासारखं घट्ट असलेलं डांबर दुपारी शिवणीतून पाझरतं, हाताला चिकटतं. पकड सुटायची तेव्हा सुटत नाही. गाडी उन्हाआधी खाली व्हावी, असं मजुरांना वाटतं. ट्रक येतो भर दुपारी.

पुढचं काम सरावाचं: पिंप बॉयलरपर्यंत लोळवायचं, दोघांनी मिळून उभं करायचं.

बांधकाम कामगारांसाठीच्या 1998च्या केंद्रीय नियमांनी एका पुरुषाच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा घातली, स्त्रीसाठी 30. इथे दीडशे किलो दोघांच्या पाठीवर येतात. पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने शंभर किलोंचं पोतं पन्नासवर आणण्यासाठी लढा दिला. पोतं लहान करता येतं. भरून आलेलं पिंप कामावर लहान होत नाही. म्हणूनच इथे कसबी हातांवर भागवणं अन्यायाचं आहे.

पिंप उचलायचा लोखंडी चिमटा मिळतो, दोन चाकांची ढकलगाडी मिळते. काहीच नसेल तर भक्कम फळ्यांचा उतार करावा, वरून दोराने धरून पिंप सोडावं, आणि उतारासमोर कोणाला उभं राहू देऊ नये. फळ्या तर याच कामावर पडलेल्या आहेत. पण त्या लावायच्या तर गाडी जास्त वेळ अडकते, आणि ट्रकवाल्याला आजच परत निघायचं आहे, असं मुकादम म्हणतो.