वारंवार बंद पडणारा विहिरीचा पंप

वणी तालुक्यांतील शेतकरी मुख्यत्वें कापसाचा. निर्गुडा व वर्धा यांच्या कांठच्या काळ्या रानांत पावसाळ्याची ओल बराच काळ टिकते; तथापि बोंडें भरावयाच्या वेळीं पाऊस उघडला, किंवा हरभऱ्याला व गव्हाला पाणी द्यावयाचें झालें, म्हणजे सारा भरंवसा विहिरीवर. अशा वेळीं पंप सुरू करावा, पाटांत धार पडावी आणि दहा मिनिटांत स्टार्टर खट् करून सुटावा, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. वीज रात्रपाळीची असली तर सारी रात्र बांधावरून विहिरीकडे हेलपाटे घालण्यांत जाते.

स्टार्टर सुटतो तो मोटरीच्या रक्षणासाठीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. त्याच्या ओव्हरलोड रिलेमध्यें दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला कीं ती तापून वाकते व वीज तोडते, आणि निवली म्हणजे पुन्हां सरळ होते. म्हणून पंप किती वेळानें बंद पडतो तें घड्याळ लावून पाहावें. बटण दाबतांच फ्यूज जात असेल तर गुंडाळींत ओल शिरली आहे किंवा केबल कोठें तरी सोलली आहे असें समजावें, आणि स्वतः हात न लावतां वायरमनाकडून मेगरनें तपासून घ्यावें. दहा-वीस मिनिटांनीं बंद पडत असेल, तर मोटर आपल्या शक्तीपेक्षां अधिक प्रवाह ओढीत आहे.

तसें होण्याचें पहिलें कारण विजेचा दाब. तीन फेजांमधील दाब ४१५ व्होल्टच्या आसपास असावयास पाहिजे. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारें ७।। अँपियर घेते, तोच दाब ३५० वर उतरला तर तेवढ्याच कामास ती ९ च्या घरांत घेऊं लागते. सर्वांचे पंप एकदम सुरू होतात त्या घटकेस हें विशेष घडतें. एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांवर भार दीडपटीहून वाढतो. याकरितां स्टार्टरवर व्होल्टमीटर व अँमीटर असणें ही चैन नव्हे.

दाब ठीक असूनहि पंप सुटतो, आणि तोहि विहीर तुडुंब भरलेली असतां, हें पुष्कळांस कोड्यासारखें वाटतें. पाणी वर आलें म्हणजे पंपाला कष्ट कमी असा आपला समज. परंतु चक्राच्या साध्या पंपांत उलट होतें. उंची कमी झाली कीं तो अधिक पाणी फेकतो व अधिक पाण्यामुळें मोटरीवर भार वाढतो. उन्हाळ्यांतील ३० मीटर खोलीच्या हिशेबानें घेतलेला पंप आश्विनांत १० मीटरवरून पाणी उपसूं लागला कीं हाच प्रकार. तुषार संच काढून नळी मोकळी सोडली तरी तसेंच. अशा वेळीं फेकनळीवरील व्हॉल्व्ह थोडा आवळावा. अँमीटरचा काटा मोटरीच्या पट्टीवरील आंकड्याखालीं आला कीं तेथेंच ठेवावा. धार थोडी बारीक होईल, पण रात्रभर अखंड चालेल.

याशिवाय ग्लँडची दोरी फार आवळलेली असणें, बेअरिंग खराब होणें, चक्रांत रेती अडकणें, यांचीहि पाहणी करावी. वीज बंद असतां दांडा हातानें मोकळा फिरला पाहिजे.

रिलेचा कांटाहि तपासावा. १० अश्वशक्तीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्यें रिले बहुधा गुंडाळीच्या तारांवर असतो. तेथें पट्टीवरील प्रवाहाच्या ०.५८ पट कांटा ठेवावा लागतो. पट्टीवर १५ अँपियर लिहिलेले असतील तर कांटा ८.७ वर. कांहीं जण कंटाळून रिलेच सरळ तारेनें जोडून टाकतात किंवा आगकाडी खुपसून बटण दाबून ठेवतात. मग पंप बंद पडत नाहीं हें खरें, पण मोटर जळते. गुंडाळी करून येईपर्यंत हरभऱ्याची पाळी निघून जाते, आणि विहिरीच्या ओल्या कांठावर माणसाच्या जिवालाहि धोका होतो.

पाण्यांत बुडणाऱ्या मोटरीची गोष्ट थोडी निराळी. ती भोंवतालच्या पाण्यानेंच थंड राहते; म्हणून वैशाखांत पाणी खालीं गेलें कीं पंप खालीं सोडावा, मात्र गाळांत रुतूं देऊं नये. विहीर तासाभरांत आटत असेल तर तास चालवून झरे भरेपर्यंत पंप बंद ठेवावा. कोरडा चालतांच वीज तोडणारें यंत्र हल्लीं स्टार्टरमध्यें बसवून मिळतें.