लाळेतही रक्तगट!

रक्तगट समजण्यासाठी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढावा लागतो, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु बहुतेकांचा रक्तगट लाळेवरूनही ओळखता येतो, असे आम्ही सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल.

माणसांचे रक्त वेगवेगळ्या गटांचे असते, हे 1901 साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले. तांबड्या पेशींवरील प्रतिजन नावाच्या पदार्थांवरून हे गट ठरतात. ‘ए’ प्रतिजन असेल तर ए गट, ‘बी’ असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. ‘एच’ नावाचा पदार्थ हा या दोन्ही प्रतिजनांचा पाया होय. ओ गटाच्या पेशींवर केवळ हा पायाच असतो.

सुमारे 80 टक्के लोकांच्या लाळेतही हे पदार्थ असतात. त्यांना ‘स्रावी’ म्हणतात. हा गुण आनुवंशिक आहे. पण त्याचे जनुक वेगळे असल्याने ए गटाच्या दोन सख्ख्या भावांपैकी एक स्रावी व दुसरा अस्रावी असू शकतो.

चाचणीसाठी लाळ परीक्षानळीत घेऊन ती नळी उकळत्या पाण्यात ठेवतात. नंतर लाळेत ‘ए’विरोधी द्रव व त्यानंतर ए गटाच्या पेशी मिसळतात. पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत, तर लाळेतील ‘ए’ प्रतिजनाने तो द्रव आधीच निष्प्रभ केला, असे समजावे.

या विषयात मुंबईचे नाव जगभर झाले आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे आढळलेल्या एका आगळ्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. तोच ‘बॉम्बे रक्तगट’. या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ नसतो आणि लाळेतही नसतो. साध्या चाचणीत त्या ओ गटाच्याच वाटतात. परंतु त्यांना ओ गटाचे रक्त दिले, तर प्राणावर बेतते. कारण त्यांच्या रक्तात ‘एच’विरोधी द्रव्य असते. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

म्हणून रक्तपेढीत रुग्णाचे व दात्याचे रक्त जुळवून पाहण्यास वेळ लागला, तर नातेवाइकांनी अधीर होऊ नये. घरात कोणाचा बॉम्बे गट निघालाच, तर सर्व भावंडांनी तपासणी करून घ्यावी. सख्ख्या भावंडाचेच रक्त उपयोगी पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.